देवमाशाची वंशावळ

कार्ल लिनियस या स्वीडिश पंडिताने 1735 साली सृष्टीची वर्गवारी प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा देवमाशाची नोंद मत्स्यवर्गातच होती. परंतु उष्ण रक्त, फुप्फुसांनी होणारे श्वसन आणि पिलांना दूध पाजण्याची रीत यांचा दाखला ग्राह्य मानून, 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने हा जलचर सस्तन प्राण्यांच्या दप्तरी दाखल केला. बाह्य आकार ही नात्याची सनद नव्हे. कारण पाण्यात वेगाने विहरणाऱ्या भिन्न कुळांतील प्राण्यांचे देह सारखेच निमुळते होत जातात, आणि असे परिस्थितीजन्य साम्य पूर्वजांकडून लाभलेल्या साम्यापासून वेगळे काढणे, हेच वर्गीकरणशास्त्रातील सर्वांत नाजूक व माझ्या मते सर्वांत थोर कार्य होय.

देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात आप्त पाणघोडा, हा निर्णय विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांच्या तुलनेने लागला. उभयतांच्या जनुकसंचात नेमक्या त्याच जागी शिरलेले फिरते तुकडे समाईक पूर्वजाची ग्वाही देतात. पुढे 2001 साली, गाय-हरणांच्या घोट्यात असते तसे दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेले हाड पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांतही आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरात भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांतील इंडोह्यस हा सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा खुरधारी प्राणी, कानाच्या हाडाच्या विशिष्ट जाडीवरून, 2007 साली देवमाशांच्या कुळाचा निकटचा भाऊबंद ठरला.