हंड्यातले पाणी आणि दारातला मोगरा

२०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात अंगणात झाड लावावे का? जरूर लावावे, फक्त पाणी द्यायची रीत बदलावी. झिलई नसलेले, भाजलेल्या मातीचे मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरून वर झाकणी ठेवा, म्हणजे डासही होत नाहीत. भोवतीची माती सुकली की मडके पाझरते, ओली असली की पाझर मंदावतो. ओल मुळांशी राहते, उन्हाने उडत नाही. आळ्यात पालापाचोळा पसरा. भाजी धुतलेले, वजूचे पाणी फडक्याने गाळून त्यात ओता. साबणाचे मात्र नको. दारातला मोगरा कोणाच्या हंड्यातले पाणी पिऊन फुलू नये, एवढेच.