‘मी स्वखुशीने लिहून देतो की…’

आमच्या पोखर्णीची बरीच पोरं परभणीत दुकानांवर कामाला जातात. मागच्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकाचा गल्ला रात्री दोन हजारांनी कमी भरला. उधारीची वही कुणी चाळली नाही, फोनवर जमा झालेल्या रकमा कुणी ताडून पाहिल्या नाहीत. “शेवटी गल्ल्यावर तूच होतास ना?” एवढ्यावर चौकशी संपली. मग एक फुलस्केप कागद पुढं आला. मालक अगदी मायेनं म्हणाले, “लिहून दे लेकरा, विषय इथंच मिटवू. पोलीस नको, बोभाटा नको.” मालक सांगत गेले, पोरगा लिहीत गेला. पहिलीच ओळ होती, ‘मी स्वखुशीने लिहून देतो की…’

त्या कागदाची प्रत त्याच्याकडं नाही. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

लिहून दिलं की प्रकरण मिटतं, हा या विषयातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ आहे. पण ही ढाल पोलिसांपुरती आहे. मालकाला लिहून दिलेली कबुली न्यायालयाबाहेरची कबुली म्हणून पुढं आणता येते. न्यायालयं तिला कमजोर पुरावा मानतात, धाकानं किंवा आमिषानं घेतली असेल तर बाजूला ठेवतात. पण ‘स्वखुशीने’ हा शब्द तुमच्याच अक्षरात असताना धाक होता हे पटवून देणं किती अवघड जातं, याचा विचार त्या रात्री कुणाच्या मनात येत नाही. शिवाय नोकरानं मालकाची चोरी करणं हा साध्या चोरीपेक्षा गंभीर गुन्हा आहे. साध्या चोरीला एरवी ३ वर्षांपर्यंत कैद, तर नोकरानं केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली ७ वर्षांपर्यंत. दोन हजारांसाठी लिहिलेल्या कागदाचं वजन एवढं आहे.

आणि ती कबुली काढण्यासाठी माणसाला मागच्या खोलीत बसवून ठेवणं, फोन काढून घेणं, दोन थोबाडीत देणं हा ‘मालकाचा हक्क’ नाही. कुणालाही असं अडवून ठेवणं हाच गुन्हा आहे. कबुलीसाठी मारहाण केली तर मारणाऱ्यालाच ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आरोप आला की आमच्या गावात बोट नरसिंहाच्या देवळाकडं जातं. “खरा असशील तर देवाच्या पायरीला हात लाव.” माझीही त्या देवावर श्रद्धा आहे, म्हणूनच हे मनाला लागतं. शपथ घेतली म्हणून कुणी सुटत नाही, घेतली नाही म्हणून कुणी चोर ठरत नाही. आणि ‘मी चोरी केली नाही’ हे सिद्ध करण्याचं ओझं नोकरावर नसतं. जो आरोप करतो, पुरावा त्यानं द्यायचा असतो.

खातेनिहाय चौकशीत मात्र हे थोडं वेगळं आहे, आणि इथं कामगारांच्या बाजूनंही गैरसमज आहे. कोर्टात सुटलो की नोकरी आपोआप परत मिळते, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, खात्याच्या चौकशीत एवढा कडक पुरावा लागत नाही. पण काहीतरी पुरावा लागतोच. नुसता संशय कितीही दाट असला तरी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकात एच. सी. गोयल यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. पंजाब नॅशनल बँकेतले शिपाई रूपसिंग नेगी यांचं प्रकरण तर आपल्या विषयाला थेट भिडतं. बँकेचं ड्राफ्ट बुक गहाळ झालं, पोलिसांपुढच्या कथित कबुलीवर विसंबून त्यांना कामावरून काढलं. २००८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कागद नुसता चौकशीत ठेवून भागत नाही, त्यातला मजकूर साक्षीदारानं शाबीत करावा लागतो, असं न्यायालय म्हणालं.

कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुरक्षा अधिकारी असलेले कॅप्टन एम. पॉल अँथनी यांची हकीकत मी पोरांना सांगतो. २ जून १९८५ ला त्यांच्या घरावर छापा पडला. साडेचार ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि १,२७६ ग्रॅम सोनेमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप झाला. दुसऱ्याच दिवशी निलंबन. निलंबनात निर्वाह भत्ता मिळायला हवा होता, तो दिला गेला नाही. चौकशीला जायलाही पैसा नव्हता, तेव्हा चौकशी त्यांच्या माघारी उरकली आणि १९८६ च्या जूनमध्ये त्यांना बडतर्फ केलं. ३ फेब्रुवारी १९८७ ला फौजदारी न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. छापा आणि जप्ती दोन्ही सिद्ध झाले नाहीत. खात्याच्या चौकशीचा आधारही नेमके तेच साक्षीदार आणि तीच जप्ती होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च १९९९ ला त्यांना मागच्या सगळ्या पगारासह कामावर घ्यायला लावलं. मधली जवळजवळ चौदा वर्षं मात्र गेली.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यानं, खोटे पुरावे रचून कामगाराला फौजदारी प्रकरणात गोवून काढणं आणि नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईघाईनं चौकशी उरकणं, या दोन्हींना अनुचित कामगार प्रथा ठरवलं. ‘यूएलपी टाकली’ असं कामगार म्हणतात ते अशा प्रथेविरुद्धच्या तक्रारीलाच. या तक्रारीला ९० दिवसांची मुदत धरलेली आहे, आणि गावाकडं परतलेल्या पोराचे हे दिवस लाजेनं घरात बसण्यात जातात. पगारातून तूट परस्पर कापून घेणंही बेकायदा आहे. कापण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

कॅमेऱ्यात दिसलं की संपलं, असंही म्हणतात. गल्ल्यात हात जाताना दिसणं हे गल्ला सांभाळणाऱ्याचं रोजचं काम आहे. पण कॅमेरा नोकराच्याही उपयोगी पडतो. अनेक ठिकाणी चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं त्याच दिवशी लेखी मागावं.

त्या पोराला मी पुढच्या आठवड्यात परभणीच्या जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात नेलं. तिथं औद्योगिक कामगाराला, कोणत्याही स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक. जाण्याआधी त्यानं माझ्या ओट्यावर बसून स्वतःच्या शब्दांत एक पत्र लिहिलं: त्या रात्री काय झालं, कोण हजर होतं, कागद कुणी सांगितला, वही आणि कॅमेरा तपासा. दोन प्रती केल्या. दुकानात पोच दिली नाही, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवलं. पावती त्यानं आधार कार्डाच्या पाकिटात ठेवली आहे.