पंपाची परीक्षा आणि ग्राह्य फरक

गांवाच्या पाणीपुरवठ्यासाठीं केंद्रोत्सारी पंप मागविला जातो. मागणीपत्रांत हमी लिहिलेली असते: ताशीं १०० घनमीटर पाणी, ४० मीटर उंची, मिनिटास १४५० फेरे, कार्यक्षमता शेंकडा ७५. पुढें कारखान्यांतील परीक्षेचा तक्ता येतो. त्यांत १०२ घनमीटर व ४१ मीटर हे आंकडे पाहून ग्राहक संतुष्ट होतो. हा संतोष कितपत साधार आहे, तें तपासणें अगत्याचें आहे. कारण उंचावरील टांकींत ठरलेलें पाणी पडावयाचें कीं नाहीं, हें त्यावरच अवलंबून असतें.

प्रथम पाहावयाचे ते फेरे. तक्त्यांत ते १४८० नोंदलेले असल्यास सर्व आंकडे हमीच्या गतीवर आणले पाहिजेत. प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणांत बदलतो, उंची त्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत, आणि लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. या हिशेबानें १०२ चे सुमारें १०० घनमीटर होतात. परंतु ४१ मीटरचे ३९.४ मीटरच उरतात. वरकरणी एक मीटर अधिक भरलेला पंप वस्तुतः अर्ध्या मीटरहून जास्त उणा भरतो.

मग तो परत करावा काय? ओतीव चक्र व कवच यांत थोडा फरक राहावयाचाच. म्हणून कांहीं फरक ग्राह्य धरतात. आय. एस. ओ. ९९०६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१२ सालच्या आवृत्तींत ‘१ बी’ श्रेणीस प्रवाहांत शेंकडा ५ व उंचींत शेंकडा ३ इतका अधिक-उणा फरक चालतो. ‘२ बी’ श्रेणीस ८ व ५. ‘१ यू’ श्रेणींत उणें मुळींच चालत नाहीं. अधिक मात्र १० व ६ पर्यंत चालतें. आलेखावर हमीच्या बिंदूपासून या फरकांइतक्या आडव्या व उभ्या रेघा काढतात. पंपाची वक्ररेषा त्यांपैकीं एकीस जरी शिवली, तरी प्रवाह व उंची यांची हमी पुरी झाली. वरील पंप ‘१ बी’ मध्यें उतरतो, ‘१ यू’ मध्यें उतरत नाहीं.

कार्यक्षमतेविषयीं एक गैरसमज नेहमीं होतो. ‘१ बी’ मध्यें तिला शेंकडा ३ ची सूट आहे. पण ती हमीच्या आंकड्यावर मोजावयाची. ७५ मधून सरळ ३ वजा करून ७२ धरणें चूक. खरी मर्यादा ७२.७५ आहे.

म्हणून ज्या टांकीस पूर्ण ४० मीटर लागतात, तिच्या मागणीपत्रांतच ‘१ यू’ श्रेणी लिहावी, आणि त्या श्रेणींत शक्तीहि अधिक लागूं शकते हें जाणून मोटार निवडावी. श्रेणी न ठरवितां पंप घ्यावयाचा आणि टांकी रिकामी राहिल्यावर तक्ता उघडावयाचा, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, अशांतलाच प्रकार होय.