नाण्यांची साक्ष : जोगलटेंभीचा निधी

उत्खननात खापरे हजारोंनी मिळतात, पण खापरावर राजाचे नाव नसते. नाण्यावर ते बहुधा असते. क्षत्रपांच्या कार्दमक घराण्यातील अनेक राजांच्या चांदीच्या नाण्यांवर शक वर्ष आहे, तर बहमनी सुलतानांच्या नाण्यांवर हिजरी सन आणि टांकसाळीचे नाव वाचता येते. असे नाणे ज्या थरात सापडते, तो थर नाणे पाडल्यानंतरच साचलेला असतो. मात्र किती नंतर, हे एकटे नाणे सांगत नाही. खऱ्या चांदीची नाणी राजवट बुडाल्यावरही पिढ्यान् पिढ्या चालत. शिवाय घुशीच्या बिळातून वरचे नाणे खालच्या थरात घसरू शकते. म्हणून नाण्याची साक्ष त्याच थरातील खापरे आणि इतर वस्तूंशी ताडून पाहावी लागते.

नाणी दोन प्रकारे मिळतात. व्यवहारात हातून पडलेले सुटे नाणे बहुधा हलक्या किमतीचे असते. ते वस्तीतील रोजची देवघेव दाखवते. मुद्दाम पुरलेला साठा म्हणजे निधी. त्यातील सर्वांत उशिराचे नाणे ओळखले, की तो कोणत्या काळानंतर पुरला गेला हे कळते.

निधीचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी. तेथे 1906 साली चांदीची 13,250 हून अधिक नाणी सापडली. ती क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपानाची होती. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतील लेख. त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. या नव्या ठशाखाली नहपानाच्या मूळ छापाचे अवशेष अनेक नाण्यांवर अजून दिसतात.

खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा. या साध्या क्रमावरून ही नाणी नहपानाकडून गौतमीपुत्राच्या अमलाखाली आली हे सिद्ध होते. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे सांगते. तो मातेने केलेला गौरव आहे, त्यामुळे अतिशयोक्तीची शंका घेता येते. नाण्यांवरच्या ठशांनी त्या शब्दांना स्वतंत्र पुरावा दिला. त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात 70,000 कार्षापणांची (चांदीच्या नाण्यांची) किंमत 2,000 सुवर्ण (सोन्याची नाणी), म्हणजे एका सुवर्णाला 35 कार्षापण, अशी नोंदवतो. लेख दर सांगतो आणि निधी प्रत्यक्ष चांदी समोर ठेवतो.

या निधीचे मोल एकेका नाण्यात नसून संख्येत आहे. दर दहा नाण्यांपैकी सुमारे सात पुन्हा ठसवलेली होती, हे सर्व नाणी एकत्र मोजली गेली म्हणूनच कळले. तीच नाणी सराफाच्या मुशीत गेली असती किंवा सुटी विकली गेली असती, तर हे प्रमाण कायमचे हरवले असते. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. नांगराला नाण्यांचे मडके लागले, तर ते धुऊ-घासू नये, वाटून घेऊ नये आणि सापडल्याची जागा नीट लक्षात ठेवावी. जागा हरवलेले नाणे फक्त धातूचा तुकडा आणि एक नाव उरते.