पायथनमधली स्टॅटिक मेथड क्लासमध्ये का ठेवायची?

सोलापूरजवळच्या कुंभारीत महिला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, 10,000 घरांची. विडीची मजुरी हजारी दराने ठरते. समजा, या मजुरीच्या हिशेबासाठी आपण 'कामगार' नावाचा क्लास लिहिला. एखाद्या कामगार बाईंची थकलेली मजुरी सांगणाऱ्या मेथडला त्यांची नोंद पाहावी लागते, म्हणून तिथे सेल्फ हवाच. पण विड्यांची संख्या भागिले 1000, गुणिले दर, या हिशेबाला कुणाचं नावगाव लागत नाही. त्याच्यावर @स्टॅटिकमेथड लिहावं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही मेथड कुठल्याही ऑब्जेक्टवर अवलंबून नाही. शिवाय एकही कामगार तयार न करता ती तपासता येते, आणि पैशाच्या हिशेबात हे फार मोलाचं आहे.

मग क्लासबाहेर साधं फंक्शन का नको? आक्षेप रास्त आहे. हिशेब अनेक क्लासना लागत असेल तर तो बाहेरच ठेवा. पण तो कामगाराच्याच नियमांचा भाग असेल तर आत शोभतो, आणि सेल्फमार्फत बोलावला तर सबक्लासला तो बदलताही येतो. दर क्लासवरच साठवलेला असेल, तर मात्र क्लासमेथड घ्या. या दोन्ही सोयी 2001 च्या पायथन 2.2 पासून आहेत. @ ची खूण 2004 मध्ये 2.4 सोबत आली.

तुमच्या कोडमधली एखादी मेथड कुठे ठेवावी असा प्रश्न असेल, तर जरूर विचारा.