थेंब कुठे थांबतो?

अल्कोहोलचा एनएमआर आलेख काढून झाला, की त्याच नळीत जड पाण्याचा एक थेंब टाकायचा, नळी चांगली हलवायची आणि पुन्हा आलेख काढायचा. ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनचं शिखर गायब! त्याच्या जागी पाण्यातला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, येऊन बसलेला असतो आणि तो या आलेखात दिसत नाही. कार्बनवरचे हायड्रोजन मात्र ढिम्म. एमएस्सीला असताना हे पाहिलं आणि या अदलाबदलीनं मला कायमचं झपाटलं.

अ‍ॅसिटोनचे हायड्रोजनही कार्बनवरच असतात, पण शेजारी कार्बोनिल. जड पाण्यात जरासा अल्कली घातला, की तेही एकेक करून निघू लागतात. बेन्झीन नुसत्या जड पाण्याला दाद देत नाही. त्याला तीव्र आम्लच दाखवावं लागतं. हायड्रोजन तोच, फक्त पत्ता वेगळा.

इतिहास उरकून घेतो. हॅरल्ड युरी यांना १९३१ च्या अखेरीस ड्यूटेरियम सापडला आणि १९३४ साली नोबेल मिळालं. त्यांच्या विद्यार्थिनी मिल्ड्रेड कोन यांनी ऑक्सिजन-१८ घेऊन अ‍ॅसिटोन पाण्याशी ऑक्सिजनही बदलतो हे अभ्यासलं. तो निबंध १९३८ चा. आपल्याकडे अलिबागजवळ थळला जड पाणी तयार होतं तेही अदलाबदलीनंच, हायड्रोजन वायू आणि अमोनिया यांच्यातल्या. म्हणून तर तो प्रकल्प खत कारखान्याला खेटून आहे.

आता कोपनहेगनला. कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांची प्रयोगशाळा म्हणजे माझं तीर्थक्षेत्र. पीएचची कल्पना सोरेन्सन यांनी इथेच १९०९ साली मांडली. पुढे याच प्रयोगशाळेत काय लिंडरस्ट्रोम-लँग यांना प्रश्न पडला: रसायनज्ञ पॉलिंग म्हणतात तशी प्रथिनांत खरंच हायड्रोजन बंधांनी बांधलेली वेटोळी असतील, तर तिथले हायड्रोजन उशिरा सुटायला हवेत. ते मोजायचं कसं?

युक्ती अफलातून होती. आधी इन्सुलिनमध्ये ड्यूटेरियम भरायचा, मग ते साध्या पाण्यात विरघळवायचं. ठरावीक वेळानं थोडा द्रव काढून गोठवायचा आणि त्यातलं पाणी निर्वातात उडवून वेगळं जमवायचं. त्या पाण्याचा इवलासा थेंब उभ्या नळीत सोडायचा. नळीत केरोसीन आणि ब्रोमोबेन्झीन असं मिसळलेलं, की वरून खाली घनता वाढत जावी. थेंब सावकाश उतरतो आणि स्वतःच्या घनतेच्या पातळीवर अडतो. जितका खाली, तितका ड्यूटेरियम जास्त. लाखांची यंत्रं मी पुष्कळ पाहिली, पण या नळीइतकं देखणं मोजमाप मला दुसरं माहीत नाही.

ऑसे विट यांच्याबरोबरचं हे काम १९५४ साली प्रसिद्ध झालं. काही हायड्रोजन झटकन गेले, काही रेंगाळले. पण रेंगाळलेलेही अखेर सुटतातच! याचा अर्थ प्रथिनाची घडी मधूनमधून क्षणभर उकलते आणि पुन्हा मिटते. मिटणं फार जलद असेल, तर उकललेल्या अवस्थेचं प्रमाण आणि मोकळ्या हायड्रोजनचा वेग यांचा गुणाकार म्हणजेच आपल्याला दिसणारा वेग. माझ्या मते या विषयाचं सगळं सौंदर्य या गुणाकारात आहे, कारण मोकळा वेग ठाऊक असला की नुसत्या घड्याळावरून घडीची पकड मोजता येते.

आज हेच काम वस्तुमानमापकावर चालतं. ड्यूटेरियम आत गेल्यावर अदलाबदल रोखायला पीएच २.५ च्या आसपास आणतात, तापमान शून्य अंशावर. प्रथिनाच्या कण्यावरचे हायड्रोजन तिथे सर्वांत मंद असतात. त्यापुढे पीएच एकानं वाढला की वेग दसपट. तरीही प्रथिनाचे तुकडे करून ते एका नळीतून वेगळे करताना साधं पाणी लागतं आणि भरलेला ड्यूटेरियम गळू लागतो. म्हणून ती नळीसुद्धा बर्फात ठेवतात आणि काही मिनिटांत सगळं आटोपतात.