लिप्यंतराची मांडणी व संगणकांतील शैली

मेस्तकें म्हणजे मोडी लेखनाचे नियम व मायने सांगणारीं टिपणें. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्याकडे परंपरा त्यांचें कर्तृत्व देते. मराठेशाहीच्या पत्रांतही मायन्याची शिस्त मुरलेली आहे. पत्राचा माथा फाटून गेला असला, तरी शेवटीं ‘हे विनंति’ आहे कीं ‘जाणिजे’, एवढ्यावरून लिहिणारा अदबीनें लिहितो कीं अधिकारानें, हें जाणत्यास उमगतें.

संगणकावर सिद्ध केलेल्या लिप्यंतरांत मात्र अशी खूण बहुधा नसते. मूळ पत्राचा मजकूर, संपादकाची भर व प्रस्तावना हीं हातानेंच ठळक, तिरपीं वा लहान केलेलीं असतात. डोळ्यांस भेद दिसतो. संगणकास तो ठाऊक नसतो.

याचा परिणाम आमच्या शहराच्या नांवावरूनच पाहावा. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकीस औरंगजेबाच्या सुभेदारींत औरंगाबाद हें नांव मिळालें व २०२३ मध्यें शासनानें तें छत्रपती संभाजीनगर असें केलें. आतां एखाद्या संपादकानें प्रस्तावनेंत नवें नांव घालण्यासाठीं ‘सर्वत्र बदला’ ही आज्ञा दिली, तर अठराव्या शतकांतील पत्रांतही २०२३ चें नांव शिरेल. साधनाचा पाठ भ्रष्ट होण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

यावर उपाय शैलीचा. ‘मूळपाठ’, ‘प्रस्तावना’ व ‘भर’ अशा नांवांच्या शैली करून प्रत्येक मजकुरास त्याची शैली लावावी. मग वर्डमध्यें शोध व बदल ‘प्रस्तावना’ या शैलीपुरताच मर्यादित ठेवतां येतो. मूळपाठाचा टंक बदलणें झाल्यास शैलींत एकदां बदल केला कीं शेंकडों पत्रें एकसारखीं होतात. भरीचे चौकोनी कंस मात्र कोणीं सोडूं नयेत, कारण निव्वळ मजकुराची नक्कल केली असतां शैली गळून पडते.

या शैली असलेली कोरी प्रत साचा म्हणून जतन करावी व प्रत्येक नवें लिप्यंतर तिच्यावरूनच सुरू करावें. पुढें साचा सुधारला, तर लिब्रेऑफिस रायटर जुना दस्तऐवज उघडतांना शैली अद्ययावत् करावयाच्या काय, असें विचारतो. वर्डमध्यें ती सोय आपण चालू करावी लागते. दोहोंतही देवनागरीचा टंक रोमन टंकाहून वेगळा नेमावा लागतो. तो न नेमल्यास शैली बदलूनही मराठी अक्षर जसेंच्या तसें राहतें, आणि पुष्कळ मंडळी येथेंच कंटाळून पुन्हां हातानें सजावट करूं लागतात.